चिमट्याची गरज नाही

रविवारी सकाळी स्वयंपाकघरातल्या फिल्टरचं पाणी नापास झालं आणि डॉक्टरांनी आनंदाने टेबलावर थाप मारली.

"आली! रेघ आली!"

बायको ओट्यापाशी चहा गाळत होती. तिने वळून पाहिलं. टेबलावर पत्त्याएवढी पारदर्शक पट्टी होती आणि तिच्या मधोमध ठसठशीत गुलाबी रेघ.

"रेघ आली म्हणजे चांगलं ना?"

"उत्तम! पाण्यात जंतू आहेत."

"आपल्या पाण्यात?"

"हो ना!"

"जे आपण इतकी वर्षं पितोय, त्यात?"

डॉक्टरांचा हात पुन्हा एक थाप मारायला वर गेला होता, तो तिथेच राहिला. शोध लागल्याचा आनंद आणि प्यायलेल्या पाण्याची शिसारी या दोन गोष्टी माणसाला एकाच वेळी क्वचित होतात. डॉक्टरांना त्या झाल्या.

हे डॉक्टर औषध देणारे नव्हेत, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. ते एका संशोधन संस्थेत होते आणि त्यांची डॉक्टरकी प्रबंध लिहून मिळवलेली होती. पण दारावर पाटी लागली त्या दिवसापासून इमारतीतली माणसं त्यांना जिन्यात गाठून जीभ दाखवू लागली. खरी डॉक्टर त्यांची बायको. दातांची. चौकात तिचा दवाखाना होता आणि निम्म्या इमारतीच्या दाढा तिनेच काढल्या होत्या. तरी पाटी नवऱ्याची आधी लागली म्हणून तो डॉक्टर, आणि ती डॉक्टरांची मिसेस. गालावर हात धरून लोक तिलाच विचारायचे, "काय हो, डॉक्टर आहेत का घरी? दाढ फार ठणकतेय."

तर या डॉक्टरांनी ऐन उमेदीची सगळी वर्षं एका गोष्टीत घातली होती. सुईच्या टोकातून प्लॅस्टिकचं पातळ द्रावण सोडायचं, त्याला विजेचा जबर झटका द्यायचा, की त्याचे केसाहून शेकडो पटींनी बारीक तंतू होतात. त्यांना नॅनोतंतू म्हणतात. ते एकावर एक पडून टिकलीएवढी पांढरी जाळी तयार होते. ही जाळी पट्टीतल्या खाचेत बसवायची आणि वरून चमचाभर पाणी सोडायचं. वातीत तेल चढतं तसं ते पाणी पट्टीतल्या बारीक वाटांमधून आपोआप सरकतं, जंतू असतील तर जाळीत अडकतात आणि गुलाबी रेघ उमटते. ना वीज, ना यंत्र, ना प्रयोगशाळा. खिशात घाला आणि कुठेही जा.

आता यात एकच अडचण होती, ती म्हणजे संचालक. डॉक्टरांची खोली नेमकी कॅन्टीनला लागून होती आणि मधली भिंत पाडून कॅन्टीन ऐसपैस करावं, हे संचालकांचं जुनं स्वप्न होतं. मागच्या वेळी ते प्रयोग बघायला आले, तेव्हा डॉक्टर हातमोजे चढवून, तोंडाला मास्क लावून, चिमट्याने एकेक जाळी उचलत होते. संचालक म्हणाले, "मोजे, मास्क, चिमटा... याला पोर्टेबल नाही म्हणत हो. याला बिऱ्हाड म्हणतात. साध्या माणसाला साध्या हाताने जमलं पाहिजे. सोमवारी समिती येतेय. तिच्यासमोर दाखवा, नाहीतर मंगळवारी भिंत पाडायला माणसं बोलावतो."

डॉक्टरांना ते लागलं. त्याच तिरमिरीत त्यांनी पट्टीच्या पाकिटावर मोठ्या अक्षरात छापून घेतलं: 'चिमट्याची गरज नाही'. आणि रविवारी, साधा माणूस म्हणून साध्या हातांनी, घरच्या टेबलावर रंगीत तालीम सुरू केली.

"उकळलेलं घेऊन बघा," बायको म्हणाली. तिने पर्स खांद्याला लावली होती. कुणाचातरी जबडा सुजला होता, त्यामुळे रविवार असूनही तिला दवाखान्यात जायचं होतं. "आणि अहो, ते वर्तमानपत्र जरा नीट ठेवा. मला वाचायचंय अजून. प्रत्येक पानाचा कोपरा ओला करून ठेवलाय. किती वर्षं सांगतेय, पान उलटायला बोट चाटू नका म्हणून."

"अगं, पानं चिकटतात."

"माझी नाही चिकटत ती? पालथ्या घड्यावर पाणी!" असं म्हणून ती गेली.

डॉक्टरांनी उकळलेलं पाणी घेतलं. जाळ्या दोन तलम कागदांच्या मध्ये ठेवलेल्या असत. त्यांनी कागद सोडवला, जाळी खाचेत बसवली, पाणी सोडलं. गुलाबी रेघ. बाटलीबंद पाण्याचं सील त्यांनी स्वतः तोडलं आणि ते पाणी सोडलं. गुलाबी रेघ. आणि ही तर आधीच्या दोन्हींपेक्षा झक्क!

आता मात्र डॉक्टर खुर्चीत मागे टेकले. गोष्ट साधी होती. एकतर सगळं जग घाण होतं, नाहीतर पट्टी खोटी होती. पट्टी खोटी असेल तर उद्या समितीसमोर शोभा, परवा भिंतीवर घण आणि ते सुईचं यंत्र जिन्याखालच्या अडगळीत. जग घाण निघालं तर खोली वाचत होती. माणूस सज्जन असला तरी अशा वेळी तो काय इच्छा करणार? डॉक्टर पट्ट्या खिशात घालून जग घाण आहे का ते बघायला निघाले.

तळमजल्यावरच्या मावशींनी दार उघडलं. मावशी कुणाच्या मावशी होत्या ते आता कुणालाच आठवत नव्हतं. सगळी इमारत त्यांना मावशी म्हणायची आणि त्या सगळ्या इमारतीच्या घरात डोकवायच्या. त्यांची नजर थेट डॉक्टरांच्या हातातल्या पट्टीवर गेली. गुलाबी रेघ पाहून त्यांनी तोंडावर हात ठेवला.

"अगंबाई! या वयात?"

"काय या वयात?"

"अहो, लाजताय काय! मिसेस कशा आहेत? जपा हो त्यांना. दाढा उपटायला जोर लागतो, म्हणावं थोडे दिवस बंद ठेवा."

"मावशी, ही पाण्याची पट्टी आहे!"

"पाण्याची? मग एवढी आनंदाची गुलाबी कशाला केलीत? मला आपलं वाटलं..." मावशींचा चेहरा पडला, तरी शंका काही गेली नाही. पाण्यातल्या जंतूंपेक्षा ही बातमी कितीतरी सरस होती.

पण दोन मिनिटांत त्यांच्याही माठातल्या पाण्याला रेघ आली आणि मावशींना त्यांची बातमी मिळाली. पदर खोचून त्या जिन्यात उभ्या राहिल्या आणि थेट वरच्या मजल्यापर्यंत आवाज पोचवला, "कुणी पाणी पिऊ नका गं! डॉक्टरांनी सांगितलंय! सगळ्या पाण्यात जंतू आहेत!"

बघता बघता सगळ्या इमारतीच्या तोंडचं पाणी पळालं. जो तो पेला घेऊन डॉक्टरांपाशी. कुणाचा जार, कुणाची कळशी, एकाने तर फुलदाणीतलं पाणी आणलं. डॉक्टर जिन्याच्या पायरीवर बसून एकेक कागद भराभर सोडवत होते आणि प्रत्येक घराला समान न्याय मिळत होता. रेघ, रेघ आणि रेघ.

एवढ्यात सेक्रेटरी खाली उतरले. सेक्रेटरी म्हणजे जन्मभर पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात काढून रिटायर झालेले गृहस्थ. गच्चीवरची टाकी हा त्यांचा जीव की प्राण होता. बायकोच्या दागिन्यांच्या कपाटाला कुलूप नसेल, पण टाकीच्या झाकणाला होतं आणि किल्ली त्यांच्या जानव्यासारखी गळ्यात असायची.

"कोण म्हणतो माझ्या टाकीत जंतू आहेत?"

"मी नाही म्हणत," डॉक्टर चाचरले. "पट्टी म्हणते."

"तुमची पट्टी काल जन्माला आली! मी चाळीस वर्षं पाणी पाजलंय गावाला! हातच्या काकणाला आरसा कशाला? चला वर. माझ्यासमोर तपासा."

सगळी वरात गच्चीवर गेली. सेक्रेटरींनी कुलूप काढलं, स्वतःच्या हाताने पाणी काढून दिलं आणि कमरेवर हात ठेवून उभे राहिले. पट्टीवर पाणी सरकलं. हळूहळू रेघ उमटली. सेक्रेटरींचा चेहराही तिच्याबरोबर गुलाबी होत गेला. तो पुढे लालही झाला, पण ओरडण्याऐवजी ते एवढंच म्हणाले, "उपसा टाकी."

"अहो, पण..."

"पण नाही नि बिण नाही. माझ्या टाकीवर डाग मी ठेवून घेणार नाही. उपसा!"

टाकी उपसली. रविवारची सकाळ, निम्मी इमारत आंघोळीत. दुसऱ्या मजल्यावरून एक माणूस डोक्याला साबणाचा फेस घेऊन टॉवेलवर गॅलरीत आला आणि ज्या शब्दांत ओरडला, ते शब्द इथे देता येत नाहीत. त्याची दया येऊन दोघांनी समोरच्या इमारतीतून दोन बादल्या आणल्या. पण आता लोक शहाणे झाले होते. "थांबा थांबा! आधी डॉक्टरांना दाखवा!"

डॉक्टरांनी तपासलं. तिथेही रेघ.

समोरच्या इमारतीला हे कळायला वेळ लागला नाही. "आमचं पाणी घेता ते घेता आणि वर आम्हालाच घाणेरडं म्हणता?" असं म्हणत त्यांनी बादल्या परत मागितल्या, पाण्यासकट. फेसवाल्याच्या हातातून बादली ओढण्यात आली. इतकी वर्षं दोन्ही इमारतींत साधा जाण्यायेण्याचा संबंध होता. आता फाटकाला फाटक लावून भांडण जुंपलं.

सेक्रेटरींना यातलं काही ऐकू येत नव्हतं, कारण ते टाकीच्या आत होते. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, हातात घासणी घेऊन त्यांनी टाकी आतून अशी घासली, की तिच्या बनवणाऱ्यानेही तिला इतकं लख्ख पाहिलं नसेल. मग नळाचं ताजं पाणी चढवलं. टाकी निम्मी भरल्यावर ते निथळत बाहेर आले.

"आता लावा पट्टी."

डॉक्टरांनी खिशातून पट्टी काढली, कागद सोडवला, पाणी घातलं. सगळी गच्ची श्वास रोखून उभी.

रेघ आली.

सेक्रेटरींच्या मिशीवरून पाण्याचा थेंब खाली पडला. त्यांनी पट्टीकडे पाहिलं, टाकीकडे पाहिलं, मग डॉक्टरांकडे पाहिलं आणि ते बराच वेळ तिथेच पाहत राहिले.

"डॉक्टर," ते अगदी हळू म्हणाले, "मला वाटतं, पाणी दुसरीकडेच कुठेतरी मुरतंय."

डॉक्टरांनी तिथून काढता पाय घेतला. घरी येऊन दार लावून घेतलं. थोड्या वेळाने बायको दवाखान्यातून आली तेव्हा ते टेबलाशी डोकं धरून बसले होते.

"खाली काय गोंधळ चाललाय? मावशींनी माझी ओटी भरायचीच काय ती बाकी ठेवलीय, समोरच्या इमारतीतली माझी पेशंट माझ्याशी बोलेना, आणि एक माणूस टॉवेलवर रस्त्यात उभा आहे."

डॉक्टरांनी सगळं सांगितलं. "सगळीकडे रेघ येतेय गं. पट्टीच खोटी आहे. मीच इतकी वर्षं स्वतःला फसवत होतो. संचालक म्हणतात तेच खरं, त्या खोलीत टेबलंखुर्च्या टाकून लोकांना चहा पाजला असता तर जास्त उपयोग झाला असता."

बायकोला त्यांचं असं तोंड बघवेना. ती वाद घालत बसली नाही. तिने पर्समधून काचेची एक छोटी कुपी काढली. "हे इंजेक्शनसाठीचं पाणी. सीलबंद, निर्जंतुक. यात जंतू सापडला, तर माझा दवाखानाही बंद करू. लावा."

तिने कुपीचं टोक कट्कन मोडलं. डॉक्टरांनी सुस्कारा टाकत कागद उचलला, उजव्या हाताचं पहिलं बोट सवयीने जिभेला लावलं, कागद सोडवला आणि त्याच बोटाने जाळी उचलून खाचेत बसवली.

बायको बघत होती. तिचे डोळे आधी बारीक झाले, मग मोठे झाले. तिने हाताची घडी घातली आणि रेघ येण्याची वाट पाहिली.

रेघ आली.

"संपलं," डॉक्टर म्हणाले.

"सरका जरा." तिने पर्समधून हातमोजे काढले, दवाखान्याचा चिमटा काढला, दुसऱ्या जाळीचा कागद चिमट्याने अलगद सोडवला आणि त्याच कुपीतलं उरलेलं पाणी सोडलं. दोघं पट्टीवर वाकून बसले. चहा करून, पिऊन, कप विसळून झाले. पट्टी कोरीच.

"असं कसं? तू काय केलंस?"

"मी काय केलं नाही ते विचारा."

"काय नाही केलंस?"

"बोट नाही चाटलं!" ती फुटलीच. "अहो, माणसाच्या तोंडात जेवढे जंतू असतात ना, तेवढी माणसं या गावात नसतील. मी रोज तेच बघते, तेच माझं पोट आहे. आणि तुम्ही सकाळपासून घरोघर जाऊन प्रत्येकाच्या पाण्यात स्वतःची थुंकी तपासताय!"

डॉक्टरांनी आपल्या बोटाकडे पाहिलं. प्रयोगशाळेत हातमोजे असत, तोंडाला मास्क असे, त्यामुळे बोटाची आणि जिभेची गाठच पडत नसे. संचालकांना दाखवून द्यायच्या नादात मोजे गेले, मास्क गेला, चिमटा गेला आणि राहिलं ते फक्त बोट. साधा माणूस साध्या हाताने काय करतो, ते त्यांनी पुरतं करून दाखवलं होतं.

"म्हणजे पट्टी खरी आहे!" ते एकदम उठले.

"पट्टी खरीच आहे. फक्त नवरा..." ती हसू दाबत म्हणाली, "जाऊ दे. वर चला आधी. तो माणूस अजून फेसात आहे."

गच्चीवर बायकोने चिमट्याने पट्टी लावली. रेघ आली नाही. माणसांनी टाळ्या पिटल्या. डॉक्टर पुढे झाले, घसा साफ केला. "मंडळी, मला जरा सांगायचंय, की खरं म्हणजे पाणी आधीपासूनच..."

"खरं म्हणजे घासण्यात कसूर राहिली होती!" सेक्रेटरींचा आवाज त्यांच्यावरून गेला. "कोपऱ्याकोपऱ्यांत होते ते! पहिल्या पाण्यात निघाले नाहीत, दुसऱ्यात गेले! चाळीस वर्षांचा अनुभव आहे म्हटलं!" लोकांनी त्यांना जवळजवळ खांद्यावरच घेतलं. मावशी तर म्हणाल्या, त्यांना मघापासून पाणी गोड लागतंय. डॉक्टरांनी आणखी दोनदा तोंड उघडलं, पण जिंकलेल्या माणसांना खरं ऐकायला फुरसत नसते. शेवटी ते गप्प खाली आले. जेवताना घास गोड लागेना. पट्टी वाचली होती, पण त्या म्हाताऱ्याने विनाकारण टाकी घासली, हे काही मनातून जाईना.

सोमवारी सकाळी बायकोने स्वतः त्यांची बॅग भरली. मोजे, चिमटा आणि आणखी एक चिमटा. निघताना तिने त्यांचं उजवं बोट धरलं आणि त्याला दातांचं कसलंतरी कडूजहर औषध चोपडून वर बँडेज बांधलं. "आता चाटा."

संचालकांच्या केबिनमध्ये समिती बसली होती. समिती म्हणजे मुख्य त्या एक बाई. चष्म्यावरून बघायच्या आणि कमी बोलायच्या. उरलेले दोघे त्या मान हलवतील तशी मान हलवायला आले होते. डॉक्टरांनी चिमटा काढला, तेव्हा संचालकांनी भुवई उंचावली, पण डॉक्टर डगमगले नाहीत. बाईंच्या सीलबंद बाटलीतलं पाणी लावलं. पट्टी कोरी. मग संचालकांच्या केबिनमधल्या माशांच्या टाकीतलं पाणी लावलं. रेघ अशी आली, की मासेसुद्धा काचेपाशी येऊन बघायला लागले. बाईंनी मान हलवली. मग दोघांनी हलवली. डॉक्टरांचा जीव भांड्यात पडायला आला होता.

"थांबा," संचालक म्हणाले. "हे काय करून दाखवतायत, ते महत्त्वाचं नाही. मी म्हटलं होतं, साध्या माणसाला जमलं पाहिजे. आणा इकडे. मी करतो. पाकिटावर काय लिहिलंय? चिमट्याची गरज नाही. मग ठेवा तो चिमटा बाजूला."

"सर, मोजे तरी..."

"गरज नाही!"

संचालकांनी पाकीट फाडलं. तीस वर्षं फायली उलटलेला माणूस तो. त्यांनी दोन तलम कागद समोर धरले आणि अंगठा असा सहज, असा राजरोस जिभेवर फिरवला, की डॉक्टरांनी आपलं बांधलेलं बोट मुठीत लपवलं. अंगठ्याने कागद सुटला. अंगठ्यानेच जाळी खाचेत बसली. टेबलावर कॅन्टीनमधून आलेला पाण्याचा पेला होता, त्यातलं पाणी त्यांनी सोडलं. सगळे बघत राहिले.

गुलाबी रेघ आली. डॉक्टरांनी आजवर पाहिलेल्या रेघांमध्ये ती सगळ्यात जाड होती.

संचालकांनी पट्टीकडे पाहिलं, मग पेल्याकडे. सकाळपासून त्यातलं निम्मं पाणी त्यांच्या पोटात गेलं होतं. त्यांचा चेहरा पांढरा पडला. "हे पाणी पाजतो तो मला? बोलवा त्या कॅन्टीनवाल्याला!"

कॅन्टीनवाला हात पुसत धावत आला. पोटाने मोठा, मनाने घाबरट माणूस. "साहेब, पाणी उकळून ठेवतो साहेब. माझी पोरंबाळं तेच पितात."

"पोरांना काय पाजायचं ते पाज! आजपासून कॅन्टीन बंद. आणि ते वाढवायचं-बिढवायचं तर विसरूनच जा. भिंतीला हात लावायचा नाही. डॉक्टर, तुमची खोली तुमचीच. काय पट्टी काढलीय हो! आमचे डोळे उघडलेत!"

बाईंनी मान हलवली. दोघांनी हलवली.

झालं. खोली वाचली, यंत्र वाचलं, भिंत वाचली. डॉक्टरांनी फक्त गप्प बसायचं होतं, आणि गप्प बसणं ही काही अवघड गोष्ट नव्हती. काल गच्चीवर ते बसलेच होते. पण दाराशी तो माणूस फडकं पिळत उभा होता, त्याच्या कपाळावरून घाम ओघळत होता, आणि डॉक्टरांना एकदम मिशीवरून थेंब गळणारे सेक्रेटरी दिसले. त्यांना स्वतःचाच राग आला.

"सर, पाणी चांगलं आहे," ते म्हणाले.

"काय?"

"पाणी चांगलं आहे. दाखवतो." त्यांनी चिमटा उचलला, मोजे चढवले, नवी पट्टी घेतली आणि त्याच पेल्यातलं पाणी सोडलं. पट्टी कोरी राहिली.

"मग मघाशी?" बाई पहिल्यांदाच बोलल्या. "मघाशी जंतू कुठून आले?"

आपलेच दात आणि आपलेच ओठ, पण दात तर संचालकांचे होते. डॉक्टरांनी आपलं बांधलेलं बोट वर केलं. "माझंही काल हेच झालं. कागद सोडवायला मी बोट चाटतो. माझ्यामुळे काल सगळ्या इमारतीने टाकी उपसली, दोन इमारतींची भांडणं झाली आणि एक माणूस दुपारपर्यंत साबणात होता. पट्टीने चूक केली नाही सर. पाण्यात काही नव्हतं. जे होतं ते... अंगठ्याला होतं."

बाईंनी रुमाल तोंडाला लावला, त्यांचे खांदे हलायला लागले. दोघांनी मान हलवावी की हसावं ते न कळून दोन्ही केलं. कॅन्टीनवाल्याने छताकडे पाहिलं. संचालक मात्र हसले नाहीत. त्यांनी अंगठा टेबलाखाली नेला आणि हळूच पँटला पुसला. संपली खोली, असं डॉक्टरांना वाटलं.

"हे शोधून कुणी काढलं?" संचालकांनी विचारलं. "थुंकीचं?"

"डॉक्टरांनी."

"कुठल्या डॉक्टरांनी?"

"आमच्या घरी असतात," डॉक्टर म्हणाले. ते म्हणताना त्यांना बरं वाटलं, आणि इतक्या वर्षांत आपण हे एकदाही म्हटलं नाही याचं वाईटही वाटलं.

संचालकांनी फाइल पुढे ओढली. खोलीचा निकाल जिच्यात लिहायचा, ती ही फाइल. सहीचं पान पार शेवटी होतं. त्यांनी पहिल्या पानाच्या कोपऱ्यावर हात नेला, पान सुटेना, आणि अंगठा आपसूक वर निघाला. ओठांपर्यंत आला. तिथे थांबला. सगळी केबिन त्या अंगठ्याकडे बघत होती. बाई चष्म्यावरून बघत होत्या. कॅन्टीनवालासुद्धा बघत होता.

संचालकांनी अंगठा खाली घेतला आणि कुणाकडेही न बघता डॉक्टरांपुढे हात केला.

"द्या तो चिमटा."

डॉक्टरांनी बॅगेतला दुसरा चिमटा दिला. संचालकांनी त्याने एकेक पान धरून अलगद उलटलं, शेवटच्या पानापर्यंत पोचले, 'खोली आहे तशीच ठेवावी' असं लिहून सही केली आणि कॅन्टीनवाल्याला म्हणाले, "बघत काय उभा आहेस? सगळ्यांना चहा आण."

चिमटा त्यांनी परत केला नाही.